विस्तव आणायला निघालेली मुलगी

माझ्या घरी ऐन मे महिन्यात कूलर बंद असतो आणि त्यावरून रोज भांडण होतं. शहाद्याला लागून लोणखेड्यात वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि दुसरीत आबा, म्हणजे माझे वडील, बनियनवर बसून मला नावं ठेवतात. कूलरच्या वाऱ्याने कागदाच्या एका कडेला रंग सुकतो, दुसरी कडा ओलीच राहते, आणि आभाळात असा काही डाग पडतो की मुलांना तो ढग वाटावा आणि मला माझी हार. आबांना हे पटत नाही. "माणूस भाजी ऱ्हायना, नि हाई कागदले सांभाळी ऱ्हायनी," माणूस उकाड्याने भाजून निघतोय, असं ते अहिराणीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. मी ऐकलं न ऐकलंसं करते.

आमचं घराणं म्हसावदचं, शेतीवाडीचं. केळी, पपई, ऊस यातलं सगळं माझ्या भावाला कळतं. मला त्यांचे फक्त रंग कळतात. गावातल्या बायका अजून विचारतात, पुस्तकातली चित्रं मशीनच काढतं ना, मग तू दिवसभर करतेस काय? पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता सांगते, मशीन बिघडलं की मला बोलावतात. त्यांचं समाधान होतं आणि माझा वेळ वाचतो.

या कामात मी एक गोष्ट ठरवून टाकली आहे आणि तिच्यावरून मी कोणाशीही भांडते. सातपुड्यातलं मूल पहिलीत येतं तेव्हा घरी भिली नाहीतर पावरी बोलत असतं. पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला परकी असते. सुरुवातीचे काही महिने ते मूल पुस्तक वाचत नाही, पाहतं. त्या दिवसांत त्याचा सगळा भरवसा चित्रावर असतो. तिथे मी चुकीचं काही काढलं तर दुसरीकडे विचारायची त्याला सोय नाही. म्हणून चित्रात अंदाजपंचे चालणार नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत असे. तरी माझ्या हातून व्हायचं ते झालंच.

तळोद्याच्या बाजूला एका वसाहतीत अंगणवाडीची भिंत रंगवायचं काम मला मिळालं होतं. नर्मदेकाठचं एक गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं इथे सपाटीवर येऊन राहिली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ओळीने घरं, ओळींच्या मधे रस्ता, कोपऱ्यावर नळ. मी भिंतीवर मोर काढत असताना एक आजी रोज माझ्या मागे येऊन बसायची. तिला मराठी जेमतेम येत होती. तिची सून त्याच अंगणवाडीत मदतनीस होती, ती आजीचं भिली बोलणं मला मराठीत सांगायची. दोघींच्या मधे आजीची पाच-सहा वर्षांची नात असायची, बहुतेक वेळ माझ्या रंगाच्या डब्यात बोट घालून.

एके दिवशी आजीने सुनेकरवी फर्मान काढलं, "मोर पुष्कळ झाले, आता चूल काढ."

मी चूल काढली आणि ती बोलू लागली. ती लहान होती तेव्हा काडीपेटी कोणाकडे असली तर असायची, कारण बाजार दिवसभराच्या वाटेवर. चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवायचा. पावसाळा सरत आला की लाकडं ओली असायची आणि विस्तव कधीतरी विझायचाच. मग तिची आई अंगणाच्या कडेला यायची आणि तोंडाशी हात धरून लांबलचक हाक घालायची. ती हाक फक्त विस्तवासाठी, दुसऱ्या कशासाठी घालायची नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या घरून उलट हाक यायची, "पोरीला पाठव." मग ही पोर खापर घेऊन निघायची. खापरात राख, राखेवर निखारा आणि त्यावर शेणकुटाचा तुकडा. जाताना पळायचं, येताना पळायचं नाही. वाटेत निखारा विझला तर पुन्हा मागे जायचं. पुढे लग्न होऊन ती त्याच गावात वरच्या अंगाला राहायला गेली आणि हाक घालायची पाळी तिच्यावर आली. तिला उलट हाक देणारी, समोरच्या टेकडीवरची शेजारीण, आता या वसाहतीत तिसऱ्या ओळीत राहते. दोघी नळावर भेटतात.

नात खुदकन हसली. तिने दाराबाहेर बोट केलं. शेजारचं घर तिथेच होतं, मधे जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी जागा. तेवढ्यात निखारा विझतो का? आणि लायटर का नव्हता? मग माझ्याकडे वळून, अंगणवाडीत शिकलेल्या मराठीत तिने निकाल दिला, "आजी खोटं सांगते."

आजीने नुसता पदर सारखा केला. सून मला हळूच म्हणाली, "ती तिकडचं काही सांगायला लागली की ही अशीच हसते, बाई. दाखवायला नेणार कुठे? सगळं पाण्यात आहे."

मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. आयुष्यभर जी वाट चालली ती वाट नव्हतीच, असं आपल्याच मांडीवर वाढलेल्या पोरीने म्हणावं आणि आपल्याकडे दाखवायला काही असू नये! मी तिथल्या तिथे ठरवलं की या गोष्टीचं पुस्तक करायचं. आणि ते पाहून या पोरीने आजीवर विश्वास ठेवला पाहिजे. बाकी कोणाला आवडलं, न आवडलं, त्याची मला पर्वा नव्हती.

पुण्यातल्या एका बालपुस्तकांच्या संपादिकेला गोष्ट आवडली. ती माझ्याहून बरीच लहान आहे, मला ताई म्हणते आणि माझा फोन आला की आधी पाणी पिऊन घेते असं मला वाटतं. मी कामाला लागले. कुडाच्या भिंती, त्यावरचं शेणाचं लिंपण, दारातलं मोहाचं झाड, कोंबड्या, टांगलेले भोपळे, सगळं जुन्या फोटोंवरून पडताळून काढलं. एकेका घरावर मी दिवस घालवले. चित्रं पुरी झाली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश होते की आबांनासुद्धा दाखवली. ते म्हणाले, "बेस शे." आबांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे माझी मिरवणूकच.

मग मी ती चित्रं घेऊन वसाहतीत गेले. आजीने एकेक चित्र मांडीवर घेऊन पाहिलं, घरांवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. ती सुनेला भराभरा काही सांगू लागली.

सून म्हणाली, "तिला फार आवडलं. म्हणते, आपली वसाहत छान काढली आहे. फक्त घरं जुन्या पद्धतीची का काढली? आणि कोपऱ्यावरचा नळ राहिला."

नातसुद्धा चित्रावर वाकली आणि त्यात स्वतःचं घर शोधू लागली.

कौतुक ऐकून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी चित्राकडे पाहिलं आणि मला माझं म्हसावद दिसलं. मधे वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना घरं, एकाच्या फोडणीचा ठसका दुसऱ्याला लागावा इतकी जवळ. आम्हा तापीकाठच्या सपाटीवरच्या माणसांना गाव म्हटलं की गल्लीच डोळ्यांसमोर येते. डोंगरातलं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर एकटं असतं, हे मला माहीत होतं. जाता-येता पाहिलंही होतं. पण कागदावर गाव काढायला बसले की माझा हात घरं गोळा करून आणायचा. माझी मुलगी या दारातून त्या दारात जाऊन विस्तव घेऊन येत होती. त्यात विझायला वेळच नव्हता. नातीचंच म्हणणं मी रंगवून दाखवलं होतं.

घरी येऊन मी सगळी चित्रं एका जुन्या चादरीत बांधली आणि माळ्यावर टाकली. संपादिकेला फोन करून सांगितलं की मी पहिल्यापासून सुरू करणार आहे. ती बिचारी रडकुंडीला आली. चित्रं सुंदर आहेत, वेळ कमी आहे, कोणाला कळणार आहे, असं सगळं म्हणून झालं. मी म्हटलं, ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं. आबांनी माळ्यावरची चादर पाहिली आणि ते कडाडले, "येडी व्हयनी का तू? इतला महिनानं काम फेकी देशी?" मी म्हटलं, फेकलं कुठे, माळ्यावर आहे. त्यांनी कपाळाला हात लावला.

हिवाळ्यात मी नर्मदेकाठी जाऊन आले. अक्कलकुव्याहून जीपने काठापर्यंत आणि पुढे बोटीने मणिबेलीच्या बाजूला. आजीचं गाव दिसणार नव्हतंच. बोटवाल्याने पाण्यात नुसता हात करून ते कुठे होतं ते सांगितलं. पण वरच्या उतारांवर अजून काही घरं आहेत, ती मला पाहायची होती. एका घराच्या अंगणात उभं राहून मी पेन्सिल हात लांब करून धरली आणि समोरच्या टेकडीवरचं घर मोजलं. ते ज्वारीच्या दाण्याएवढं भरलं. मधे सगळा उतार, खाली नाला, पुन्हा चढ. मी दाण्याएवढं घर काढलं. मग पाहते तर कागदावर ते चिंचोक्याएवढं झालेलं. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. माझाच हात माझं ऐकत नव्हता. दुपारभर मी त्याच्याशी भांडले आणि तो ताळ्यावर आल्यावरच बोटीत बसले.

घरी कच्चं पुस्तक बांधून पाहिलं तर नवीच अडचण. दोन्ही घरं एकाच जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून, काढली की लांबचं घर नेमकं मधल्या शिवणीत गडप व्हायचं. आबा बाजूला बसून पानं पाहत होते. "हाई काय गाव शे? एक घर आठे, एक घर तठे. झगडा कोनसंगे करतस ह्या लोके?" मी चिडून एकूण एक पानावरचं दुसरं घर पुसूनच टाकलं. आबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. तिथे नुसता उतार आणि पोर. पुढचं उलटलं, पुन्हा उतार आणि पोर. "घर कव्हय येई वं?" घर कधी येणार म्हणून ते करवादले आणि अधीर होऊन आणखी एक पान उलटलं.

मी जागची उठले. आबांना चालायला लागत होतं! अंतर कागदावर मावत नव्हतं, ते पानं उलटण्यात होतं. मी ठरवलं की पोर जाताना पळते, तिला एक जोडपान. येताना हातात निखारा, पळायचं नाही, म्हणून चार जोडपानं. चारही पानांवर एकही घर नाही. नुसता उतार, वाऱ्याने वाकलेलं गवत, पोर, आणि खापरातला लाल ठिपका, जो प्रत्येक पानावर थोडा थोडा मंद होतो.

पाठवलेलं कच्चं पुस्तक पाहून संपादिकेने पाणी पिऊन फोन केला.

"ताई, या चार जोडपानांवर काही घडतच नाही."

"चालते आहे ना ती."

"अहो, पण मुलं कंटाळतील. मधे एखादं झोपडं तरी येऊ दे."

"बकरी देते. घर देणार नाही."

"इतकं काय अडलंय तुमचं एका घरावाचून?"

"अगं, त्या उतारावर तू एक घर ठेवलंस की ती आजी पुन्हा खोटी पडते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मग माझं नाव काढ आणि दुसऱ्याकडून चित्रं करून घे."

मग तिने अट घातली. वसाहतीतल्याच मुलांना पुस्तक दाखवायचं. मुलं त्या चार पानांवर चुळबुळायला लागली तर मी मुकाट्याने झोपडं काढायचं. नाही लागली तर ती पुन्हा एक शब्द बोलणार नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पस्तावले. मोठी माणसं कंटाळली तरी छान छान म्हणतात. मुलं उठून जातात.

पेन्सिलीच्या चित्रात निखारा मंद होताना दिसणार नव्हता, म्हणून आधी सगळं रंगवणं भाग होतं. आणि तोवर मे उजाडला होता. गर्दीचं चित्र रंगवणं सोपं असतं, कुठे चुकलं तर तिथे कोंबडी काढता येते. मोकळा उतार रंगवायचा म्हणजे हिरवा-पिवळा रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओला राहायला हवा. आमच्याकडच्या उन्हात तो ब्रशच्या मागोमाग सुकत येतो आणि रेघ सोडतो. कितीतरी कागद मी फाडले. शेवटी पहाटे उठून काम करायचं, खिडकीला ओलं गोणपाट लावायचं आणि फरशीवर बादलीने पाणी ओतायचं, असं सुरू केलं. पाणी ओतायचं काम आबांनी आपणहून घेतलं. "वावरले पानी देवामा मन्हा जलम गया, आते तुन्हा कागदले बी पानी देऊ का?" असं रोज म्हणायचे आणि रोज ओतायचे. कूलरचं नाव मात्र त्यांनी त्या महिन्यात काढलं नाही. चौथा उतार रेघ न पडता उतरला त्या सकाळी आम्ही दोघांनी शहाद्याला जाऊन भजी खाल्ली.

आषाढात मी पुस्तक सुईदोऱ्याने शिवून अंगणवाडीत गेले. मुलं अर्धगोल करून बसली, आजी भिंतीला टेकली, नात सगळ्यांत पुढे. मी पानं धरून उलटणार आणि सून भिलीत सांगणार असं ठरलं होतं. पहिल्या पानावर आई तोंडाशी हात धरून हाक घालते. मुलांनी ते पाहिलं आणि पुढे काय म्हणून माना उंचावल्या. पोर पळत गेली. शेजारणीने निखारा दिला. आता उतार.

पहिल्या उतारावर एका मुलाने बकरी दाखवली. दुसऱ्यावर कोणी काही बोललं नाही. मी पान आणखी पुढे धरलं. एका पोराने जांभई दिली. मला तो पोर तेव्हा मुळीच आवडला नाही. मी तिसरं पान उलटलं. नात गुडघ्यांवर उठून पुढे सरकली, तिने खापरातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मग मागचं पान स्वतःच उलटून तिथला ठिपका पाहिला.

"विझेल तो!" ती मराठीत ओरडली. "घर कुठंय?"

मी चौथं पान उलटलं. तिथेही घर नव्हतं. आता जांभईवाला पोरही पुढे आला होता. सगळे चित्राच्या कडेला बघत होते, जणू कागदाच्या पलीकडून घर येणार होतं. शेवटचं पान उलटलं, आईने राखेवर वाकून फुंकर घातली आणि चूल पेटली, तेव्हा सगळी मुलं एकदम बोलायला लागली. नात मात्र मागे वळून आजीकडे पाहत राहिली आणि मग तिने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी सुनेला विचारलं.

"म्हणते, इतकं लांब होतं?"

आजीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पानं उलटत पहिल्या चित्रावर आली आणि हाक घालणाऱ्या बाईकडे पाहत राहिली. मग भिंतीला धरून उठली, उंबरा ओलांडून ओट्यावर गेली आणि तोंडाशी हात धरून तिने हाक घातली.

वसाहतीत कोणी हाक घालत नाही. घरात बसल्या बसल्या बोललं तरी शेजारी ऐकू जातं. त्या म्हातारीच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला कधीच वाटलं नसतं. तो घरांच्या ओळींवरून पार पलीकडे गेला. रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही.

काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिसऱ्या ओळीकडून दुसऱ्या एका म्हाताऱ्या आवाजात तशीच लांबलचक हाक उलट आली.

सून ऐकत उभी राहिली होती. मराठीत सांगायचं असतं हे ती विसरूनच गेली होती. मी तिचा हात हलवला.

"पोरीला पाठव म्हणते," ती म्हणाली.

नात उंबऱ्यावर बसून चपला घालत होती.